ब्रेकचा पाय

त्या गाडी शिकवायच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेकवर उजवा पाय सतत तयार ठेवायचा, हे काम त्यांनी केस पिकेपर्यंत केलं. कुत्रं रस्त्यावर यायच्या आत गाडी थांबलेली असे. शिकणारे त्यांच्या पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं. "मी दाबते म्हणून तुम्ही धड घरी जाता," असं म्हणून त्या समोरच्याला घाम पुसायला स्वतःचा रुमाल देत.

अशा बाईंची घोडा पाहिला की पाचावर धारण बसे. त्यांच्या नणंदेची घोडेस्वारी शिकवण्याची शाळा होती आणि यजमान दर रविवारी तिथे जात. चष्म्याच्या दुकानात आठवडाभर काचा घासणारा हा अबोल माणूस तांबडी नावाच्या घोडीवर बसला की शीळ घालायचा. बाई त्याला सोडायला जात, पण काचा वर करून गाडीतच पेपर वाचत बसत. घरी आल्यावर त्याची पँट वेगळ्या बादलीत भिजायची. "आंघोळ केल्याशिवाय सोफ्यावर बसायचं नाही," हा हुकूम होता, आणि तो दर रविवारी आधी सोफ्यावर बसायचा.

तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. बादली कोरडी पडली होती. एक दिवस नणंद घरी आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, स्पष्टच सांगते, रागावू नका. तांबडीवर दादाशिवाय कुणी बसत नव्हतं. शिकणाऱ्या पोरांना ती उंच पडते. नुसती उभी राहून तिचे सांधे आखडायला लागलेत. एक माणूस विकत मागतोय, सहलीला आलेल्या लोकांना फिरवायला. महिनाअखेर बघायला येणार आहे."

"म्हणजे दिवसभर कुणीही वर चढणार?"

"मग काय करू? तिला कुणीतरी नेमाने चालवायला हवं."

"मी बसेन," बाई म्हणाल्या.

नणंद हसली, आणि वहिनी हसत नाहीत हे पाहून तिने कप खाली ठेवला.

मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, या वयात हाडं मोडून घ्यायचा छंद? बाबांचा फोटो आहे ना भिंतीवर, तो बघ." बाईंनी फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस शीळ घालत नव्हता, हे त्याला कसं सांगायचं?

शिकवणी सुरू झाली. नणंद घोडीची दोरी धरून पुढे चालायची तेव्हा सगळं बरं चालायचं. बाई डोळे मिटून का होईना, बसून राहायच्या. पण दोरी सुटली की चार पावलं नीट पडायची, मग बाई ताठ व्हायच्या आणि घोडी दुडक्या चालीने पळायला लागायची. जितकं थांबवायला जावं तितकी ती जोरात. मग बाई तिची आयाळ मुठीत धरून "अगं बाई, अगं बाई" करत कुंपणापर्यंत जायच्या. बरं, घोडी तर गरीब गाय. नणंदेला काही उमजेना.

"तिला मी नकोय," बाई एकदा खाली उतरून म्हणाल्या. "तिला तो हवाय. तिचं तरी काय चुकलं म्हणा. आयुष्यभर मी तिच्या वासाला नाक मुरडलं."

"काहीतरीच! जनावराला काय कळतंय तुमच्या बादलीचं?"

"कळतं. ने म्हणावं त्या माणसाला."

असं म्हणाल्या खऱ्या, पण तो माणूस यायच्या दिवशी सकाळीच बाई मैदानावर हजर. नणंदेने दोरी सोडली, पण या वेळी बाजूने चालत राहिली. कोपऱ्यावर एक पाखरू फडफडून उडालं. घोडीने नुसता कान हलवला. बाईंचा उजवा पाय मात्र रिकिबीत खाडकन खाली गेला, टाच वर उचलली गेली आणि घोडीच्या पोटात रुतली. घोडी निघाली दुडक्या चालीने.

नणंदेने धावत जाऊन लगाम धरला. "वहिनी! पाय बघा तुमचा! ब्रेक दाबताय तुम्ही!"

"मी?"

"तुम्हीच. टाच लागली की ती पळते. तुम्ही दाबताय थांबायला, तिला वाटतंय पळ म्हणताय. शहाण्यासारखी पळतेय बिचारी!" आणि तिला एकदम हसू फुटलं. "मला हा पाय ओळखायला इतके दिवस लागले? तुमच्याकडे गाडी शिकले होते मी. महिनाभर मला एकदाही ब्रेक लावू दिला नाहीत. शेवटी नादच सोडला मी."

"तू खांबावर घालत होतीस."

"घातलीही नसती कदाचित. कळलंच नाही ना कधी."

नणंदेने त्यांचे दोन्ही पाय रिकिबीतून काढले.

"अगं, पाय कुठे टेकवू?"

"कुठेच नाही. लोंबू द्या. थांबायचं असेल तर जड बसा आणि श्वास सोडा. दादा तेवढंच करायचा."

आधाराशिवाय पाय लोंबायला लागले तशी बाईंनी आयाळ मुठीत धरली. घोडी चालायला लागली. उजवा पाय दोनदा हवेत झटकला गेला, पण तिथे दाबायला काही नव्हतं. कोपरा आला. बाईंनी श्वास सोडला, मोठ्याने, कुकरमधून वाफ सुटावी तसा. तांबडी उभी राहिली.

"थांबली," बाई हळूच म्हणाल्या. "अगं, माझ्यासाठी थांबली."

तेवढ्यात तो माणूस कुंपणाशी आला. "हीच का ती?" त्याने विचारलं.

नणंदेने बाईंकडे पाहिलं.

"हीच," बाई मान न वळवता म्हणाल्या. मान वळवायची त्यांची हिंमतच नव्हती. "पण द्यायची नाहीये."

"मग मला कशाला हेलपाटा?"

"काल द्यायची होती. चहा घेऊन जा."

चहा न घेताच तो पुटपुटत गेला. नणंद म्हणाली, "उतरा आता, पुरे आजच्यापुरतं."

"उतरू कशी? पाय रिकिबीत नाहीत."

"मी धरते की."

"नको, हलवू नकोस मला."

नणंदेने तबेल्यातून स्टूल आणलं आणि ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली. तांबडी आपली आपणच चालायला लागली होती. बाई स्टुलासमोरून गेल्या, फेरी मारून परत आल्या, "आलेच हं," म्हणाल्या, आणि पुन्हा पुढे गेल्या.