एकाच बाजूची गाठ

आष्ट्यात दारोदार बांगड्या भरणाऱ्या मावशींवर अन्याय झाला. दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, एका दवाखान्यात. करणाऱ्यांत मी एक होतो, म्हणून लिहितोय.

"उन्हाकडं तोंड कर. आ कर." बांगड्यांची टोपली ओट्यावर टेकली की मावशींचं हे दुसरं काम सुरू व्हायचं. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घशात बघायच्या. टॉन्सिल सुजलेले असले की बोटावर राख-हळद घेऊन गाठी दाबायच्या. पोरं गुरासारखी ओरडायची. एका पोरीच्या तोंडातून रक्त आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि पत्रक काढलं : घसा दाबणाऱ्या बायांपासून सावध! नाव घातलं नव्हतं. पण गावात घसा दाबणारी बाई एकच.

मावशींनी मला भर रस्त्यात गाठलं.

"व्हय रं पुढारी, मला छापलंस म्हनं? मग फोटू का न्हाई टाकलास?"

"मावशी, घशात राख घालायची नाही."

"न्हाई घालत, जा. नुसतं बघू तर देशील?"

शब्द पाळला बाईनं. पुढं फक्त बघायच्या, आणि बघणं पक्कं होतं. गाठींच्या खड्ड्यांत पांढरे कण, पण ताप नाही, पोर जेवतंय, तर म्हणायच्या, "अन्न अडकून खडा झालाय गं. मिठाच्या पान्यानं गुळन्या कर." पांढरा थर, लाळ गळतेय, श्वास ओढतोय, असं दिसलं की बोलायच्याच नाहीत. पोराला उचलून थेट दवाखान्याची वाट धरायच्या.

एका निवृत्त सुभेदारांना त्यांनी सांगितलं, "एकीकडचीच गाठ वाढलीया. दुखतीया का?"

"अजिबात न्हाई."

"म्हनूनच जावा."

"गोळीबाराला भ्यालो न्हाई, आन् तुझ्या चमच्याला भिऊ?"

"चमच्याला भिऊ नगा. गाठीला भ्या."

सुभेदार मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेले. गाठ कॅन्सरची निघाली; वेळेत गेले म्हणून वाचले.

त्या पावसाळ्यात मावशी मला म्हणाल्या, "माझीबी एकीकडचीच हाय बग. आरशात दिसली. महिना झाला. त्याच बाजूचा कान ठणकतोय."

नागपंचमीच्या बांगड्यांची घाई होती, तरी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, धंदा विचारला आणि हसले. "घसा दाबणारी ती हीच का? मग आपला आपणच दाबून घे की!" त्यांच्या मागच्या भिंतीवर माझं पत्रक डकवलं होतं. "फार चांगलं काम करताय," ते मला म्हणाले. बॅटरी टेबलावरच होती. ती काही पेटली नाही. तोंड न उघडताच गोळ्यांची पुडी मिळाली.

मी तिथंच उभा होतो. 'आत बघा' हे दोन शब्द मला म्हणता आले असते. पण कौतुकानं फुगलो होतो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशी, मिरजेला जाऊया का?"

"कशाला रं? शिकलेला मानूस हाय त्यो. त्येनं गोळ्या दिल्या म्हंजे काय नसंल."

सगळ्या गावाला दवाखान्यात पाठवणारी बाई स्वतः घरी बसली. मीही पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीत त्यांना पाणी गिळेना. मानेत सुपारीएवढी गाठ आली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी घशात उजेड टाकला आणि विचारलं, "इतके दिवस कुणी पाहिलंच नाही?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "ह्यो आलता की माझ्यासंगं."

संक्रांतीच्या बांगड्या भरायला त्या राहिल्या नाहीत.

वाचणाऱ्यांनो, हळहळ नको. आज घरातल्या मोठ्या माणसांचे घसे बघा. टॉन्सिल एकाच बाजूचा मोठा दिसला आणि दोन-तीन आठवड्यांत उतरला नाही, मानेत गाठ लागली, थुंकीत रक्त आलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टरकडं न्या. आणि त्यानं तोंडात बघितलं नाही, तर सोबत गेलेल्या माणसानं गप्प राहायचं नाही. तिथंच, त्याच्या तोंडावर म्हणायचं : आधी बघा.