कॉन्सुलचे कान

गुनवोरला आपला एडका, कॉन्सुल, विकायचा होता. कळपातल्या तरुण मेंढ्या त्याच्याच मुली. थंडीआधी कॉन्सुलला दुसरा कळप मिळाला नाही, तर खाटकाशिवाय वाट नव्हती. उभ्या गॉटलंड बेटावर अशी कुरळी लोकर नाही, असं गुनवोर म्हणायची. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं.

तिने वेबसाइटवर त्याचा फोटो टाकला. केसन् केस दिसावा म्हणून कॅमेऱ्यातून निघाला तसाच, अगडबंब. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. मग ओळखीच्या मेंढपाळाचा, बिर्गरचा, बोटीवरून फोन आला. तो एडका शोधायला बेटावर येत होता, पण दुसऱ्याकडे.

"बोट सुटल्यापासून तुझं पान उघडतोय, गुनवोर. अजून कानच आलेत."

"चांगले आहेत ना?"

"कान पांघरू का आता?"

फोटो वरून पट्टीपट्टीने उतरत होता आणि लोकरीच्या अलीकडेच अडत होता. शेजारची टूवा म्हणाली, फोटो लहान कर. गुनवोरला ते झोंबलं. फोटो लहान केला की एडकाही लहान दिसणार. पण बोट थांबणार नव्हती. मग तिने रागारागाने फोटो इतका दाबला, की पान डोळा लवायच्या आत उघडलं. लोकरीचा कुरळेपणा मात्र गेला. बिर्गरने पुन्हा फोन करून विचारलं, ही गार झालेली पेज कुणाची?

गुनवोर पायरीवर बसली. समोर कॉन्सुल निवांत रवंथ करत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला प्रदर्शनातले परीक्षक आठवले. ते काय बघतात? कुशीवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवतात आणि तळहाताएवढ्या जागेवर निकाल देतात.

ती उठली. तिने लोकर फाकवली, टूवाने फोटो काढला. तेवढा तुकडा ठेवून बाकी सगळा एडका कापून टाकला.

पानावरचा तो तुकडा बघून बिर्गर बंदरावरून थेट गुनवोरच्या अंगणात आला. कॉन्सुलने मान ताठ केली. बिर्गरने तोंडाकडे पाहिलंही नाही. कुशीत अंगठे घातले.

"हाच."

आता वेबसाइटवर सगळ्या मेंढ्या तुकड्यांत आहेत. पर्यटक गालिच्यांची मापं विचारतात. गुनवोर तुटक उत्तरं देते. स्वयंपाकघरात तिने कॉन्सुलचा तो मोठा फोटो लावलाय, कानांसकट.