पातेल्याच्या तळाशी उरलेलं

आज किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसला आणि नववीतला विज्ञानाचा गृहपाठ आठवला: घरचं पाणी शुद्ध पदार्थ की मिश्रण, ते आटवून पाहायचं. जुन्नरजवळच्या आमच्या टोमॅटोच्या वावरातल्या बोअरचं काचेसारखं पाणी मी पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवलं. वडिलांना मुतखडा झाल्यापासून आई त्यांना तेच उकळून द्यायची. "उकळलं की समदं जातं, काय न्हाई ऱ्हात," ती म्हणाली. पाणी आटलं आणि तळाशी जाड पांढरी खपली उरली. आई खपलीकडे बघतच राहिली. मग तिनं वडिलांचा तांब्या मोरीत ओतला आणि उकळलेल्या पाण्याच्या त्याच हंड्यातून पुन्हा भरला. घरात दुसरं पाणी नव्हतं. आता गावी फिल्टर आहे. आई त्यातलंही पाणी उकळते, आणि ओतून झालं की पातेलं उजेडात धरून तळ बघते.