दोष समुद्राचा नव्हता

गुरुग्राममधल्या एका ऑफिसात मी नकाशे करते. जुनी आणि नवी उपग्रह-छायाचित्रं एकावर एक ठेवून किनारा कुठे पुढे सरकला, कुठे मागे हटला, त्याच्या रेघा मारायच्या. दिल्लीत बसून समुद्र मोजतेस, असं सरोजिनी नगरातले आमचे शेजारी चेष्टेने म्हणायचे. मीही हसायचे. मग एके दिवशी माझ्या आजोळचाच किनारा माझ्या टेबलावर आला.

मामांचं घर कोकणात, पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून. गेल्या काही पावसाळ्यांत ती पुळण अर्धी खचली होती, कुंपणाजवळचे माड आडवे झाले होते. गावाने दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला होता आणि त्याचा अहवाल आमच्या कंपनीने द्यायचा होता.

छायाचित्रं बघताच मला कारण दिसलं. गावाच्या वरच्या अंगाला मासेमारी बंदर झालं होतं आणि त्याची लांब दगडी भिंत थेट समुद्रात गेली होती. किनारा म्हणजे काही आखलेली हद्द नव्हे. जांभ्याचे कडे ऊनपावसाने आणि खाऱ्या पाण्याने झिजतात, लाटा पायथा पोखरतात, कडा ढासळतो, त्याचे तुकडे दळले जातात. नद्या वाळू आणतात, शंखशिंपल्यांचा चुरा त्यात मिसळतो. तिरक्या लाटा हे सगळं किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे नेत राहतात. मामांच्या पुळणीवरची वाळू पूर्वीही जातच होती, पण मागून नवी यायची. भिंतीने ती मागची वाळू अडवली. भिंतीच्या वरच्या बाजूला ढीग साचला आणि खाली मामांचे माड पडले.

हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं. शिवाय, दगडी बंधाऱ्यावर आपटून लाट परत फिरते तेव्हा पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते, हेही लिहिलं. साहेबांनी दोन्ही परिच्छेद काढले आणि तिथे ‘समुद्राच्या आक्रमणामुळे धूप’ एवढंच ठेवलं. बंदराचा आराखडाही आमच्याच कंपनीने केला होता.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. “सर, समुद्राने काहीच केलेलं नाही. केलंय ते आपण.”

“अरे यार, हार्बर को बीच में मत लाओ,” ते म्हणाले आणि हसले. “समुद्र थोड़े ही कोर्ट जाएगा.”

बाहेर जिन्यात येऊन मी मामांना फोन लावला. “बंधारा नको म्हणा,” मी म्हटलं, “अडलेली वाळू उपसून आमच्या पुळणीवर टाका, अशी मागणी करा.”

मामा माझ्यावरच उखडले. “तुझ्या दिल्लीत यमुना दारात आली तर तू वाळूची वाट बघत बसशील काय गो? आम्हाला भिंत हवी. शेजारच्या गावाला मिळाली, आम्हाला का नाही?”

त्यांच्यावर मी काय रागावणार? पाणी त्यांच्या अंगणात शिरत होतं. त्यांना दगडांशिवाय दुसरा उपाय कुणी दाखवलाच नव्हता, आणि तो दाखवणारं पान आमच्या ऑफिसात कापलं गेलं होतं.

बंधारा झाला. त्यानंतरच्या एका दिवाळीत मी गेले. घर शाबूत होतं, मामा खुश होते. पण पुळण नव्हती. ओहोटीलाही पाणी दगडांना चाटत होतं. होड्या ओढायला जागा नाही म्हणून लोक त्या खाडीत लांब नेऊन बांधत होते. बंधारा संपतो तिथून खालच्या वाडीचा किनारा कोयत्याने कापल्यासारखा आत गेला होता. सुरूची झाडं मुळं वर करून पाण्यात पडली होती.

“आता तेपण भिंत मागतायत,” मामा म्हणाले. मग पुटपुटले, “होडी दारात असायची ते बरं होतं.”

दिल्लीला परतले तर त्या वाडीचं काम ऑफिसात आलेलं. साहेबांनी जुनाच मजकूर पाठवला होता, फक्त गावाचं नाव बदलून! मी सरळ सांगितलं, “यावर माझं नाव जाणार नाही.” त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं आणि मला हायवेच्या नकाशांवर बसवलं.

मी रजा काढून पुन्हा कोकणात गेले. वाडीच्या देवळात इंटरनेटवर कुणालाही बघता येतात ती उपग्रह-छायाचित्रं प्रोजेक्टरने भिंतीवर पाडली, बंदर होण्याआधीची आणि नंतरची. माणसं भिंतीजवळ सरकून आपापली घरं शोधायला लागली. मग एक म्हातारी उठली. “म्हणजे आमची वाळू त्यांनी अडवून ठेवलीय, आणि नाव दर्याचं?”

“हो,” मी म्हटलं.

तिने बंदराच्या दिशेने हात करून अशी काही शिवी हासडली की पुढे बसलेले सरपंच खाली बघायला लागले. वाडीने बंधाऱ्याचा ठराव मागे घेतला आणि वाळू परत मागितली. वाळू अजून आलेली नाही. समुद्र दर पावसाळ्यात आत येतो, आणि आमच्या ऑफिसात त्याला अजून आक्रमणच म्हणतात.