गॅसच्या नळीतला श्वास

सगळ्या चराचराच्या मुळाशी एकच श्वास आहे, याची प्रचिती मला दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खांब क्रमांक चौदापाशी आली. त्या क्षणी माझ्या कानात स्वयंपाकाच्या गॅसची नारिंगी नळी होती. हे आधीच सांगितलेलं बरं. असे अनुभव सांगणारे लोक नळीसारख्या गोष्टी गाळतात, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की प्रचिती फक्त हिमालयातच येते.

मी श्रद्धाळू माणूस नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर फायली हलवल्या आणि जिथे सही नाही तिथे काही घडलंच नाही, असं मानायची सवय लागली. पत्नी नीलिमा दर गुरुवारी दत्ताची आरती करते, मी प्रसाद घेतो. आमच्या संसाराला एवढा समेट पुरत आला होता.

त्या खांबापाशी उभी असलेली गाडी नीलिमाच्या वडिलांची. ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेजर होते. कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असताना मायदेशी परतणाऱ्या वकिलातीतल्या एका गृहस्थाकडून त्यांनी ही लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार घेतली. संध्याकाळी ते गेटपाशी वळले की तिचा आवाज क्वार्टरपर्यंत यायचा आणि तो ऐकून नीलिमाची आई चहाचं आधण ठेवायची. पुढे त्यांनी इंजिन दुरुस्तीला उघडलं आणि ते परत जोडायच्या आतच गेले. तेव्हापासून एक सांगाडा आणि अकरा खोकी एवढी ती गाडी आमच्याबरोबर आधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि मग इथे राहायला आली. नीलिमानं माझ्याकडे फारसं कधी काही मागितलं नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी मात्र म्हणाली, "अहो, तो आवाज मला एकदा ऐकायचाय. मग त्या गाडीचं काय हवं ते करा."

तीन वर्षं मी ते काम फाईल चालवावी तसं केलं. प्रत्येक नटाला लिफाफा, लिफाफ्याला क्रमांक, क्रमांकाला वहीत टिपण. पत्रा ठोकला, रंग दिला, गाडीचे सगळे नट इंचातले म्हणून जुन्या बाजारात फिरून इंची पाने जमवले आणि लाकडी फळीवर प्रत्येकाची बाह्यरेषा काढून टांगले. उरले फक्त कार्ब्युरेटर. पेट्रोलमध्ये हवा मिसळून ती इंजिनाला पाजणारी ही भांडी, आणि या गाडीला ती दोन आहेत. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. मी मापकं लावली, आकडे जुळवले. इंजिन सुरू व्हायचं, दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. दोन महिने तेवढंच चाललं होतं.

तेवढ्यात सोसायटीला सुशोभीकरणाची लहर आली. सेक्रेटरी मेहतासाहेबांनी ठराव करून घेतला की, जी स्वतःच्या ताकदीवर आवाराला एक फेरी मारेल ती गाडी, बाकी सगळं भंगार. वाक्य इतकं नेटकं होतं की मीच लिहिल्यासारखं वाटलं. मुदत दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा.

त्या सकाळी नीलिमानं खाली येऊन बॉनेटवर अंगाऱ्याचं बोट ओढलं. ती वर जायला वळल्यावर मी ते फडक्यानं पुसलं, कारण रंग नवा होता. तिनं जिन्यातून ते पाहिलं.

दहा वाजता भंगारवाल्याची क्रेन आली. ड्रायव्हर साठीचा, वाळका, गळ्यात मळकट मफलर, तोंडात काहीतरी चघळणं चालू, आणि मागे चार कुत्री. नीलिमानं आधी कुत्र्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दत्ताच्या तसबिरीत चारच कुत्री असतात हे मलाही ठाऊक आहे. आमच्या सोसायटीत अकरा आहेत, आणि त्याच्या खिशात मठरी, म्हणजे खुसखुशीत खारी पुरी, होती.

क्रेनचा दांडा पार्किंगच्या तुळईखाली मावेना. मेहतासाहेब म्हणाले, "धक्का लगवा के बाहर निकालो."

"धक्का क्यों? चालू तो होती होगी. चाबी घुमाइए, बाबूजी," ड्रायव्हर मला म्हणाला.

मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गेलं. त्याचं चघळणं थांबलं. "फिर से." पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं हात वर केला. "ये मर नहीं रही. कहीं से फालतू हवा पी रही है."

"भाई, तुम्हें उठाने के लिए बुलाया है," मेहतासाहेब म्हणाले.

"ज़िंदा को नहीं उठाता, साहब. पहले देख तो लूँ."

त्यानं फळीवरून माझा अर्ध्या इंचाचा पाना घेतला, मागचा कार्ब्युरेटर सैल केला आणि त्याच्या मागचं गॅस्केट, म्हणजे हवा अडवायला सांध्यात बसवतात तो कागद, बाहेर काढून उजेडात धरलं. ते मी घरीच कापलं होतं. "ये क्या लगाया है?"

"फाइल का कवर," मी म्हणालो.

"सरकारी?"

"हाँ."

"तभी," तो म्हणाला.

मेहतासाहेब हसले. मीही हसलो असतो, पण नीलिमा हसली नाही. ती त्याच्या हातांकडे पाहत होती.

त्यानं क्रेनमधून गॅस्केटच्या कागदाचा तुकडा आणला, तो कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके देत गेला. कुठे मापपट्टी नाही, पेन्सिल नाही. कागद आपण होऊन कापला जाऊन हव्या त्या आकारात खाली उतरला. सांधा आवळून त्यानं विचारलं, "कोई नली है?" नीलिमा दोन मजले चढून गेली आणि बदलण्यासाठी आणून ठेवलेली गॅसची नवी नळी घेऊन आली. इंजिन सुरू झालं, आणि या वेळी थांबलं नाही, नुसतं अडखळत राहिलं. त्यानं नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. डोळे मिटलेले. एक स्क्रू केसाएवढा फिरवायचा आणि ऐकायचं, दुसरा फिरवायचा आणि ऐकायचं. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. घड्याळ न पाहण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच खेप असावी.

मग त्यानं नळी माझ्या कानात दिली. "सुनिए."

एका तोंडात खोल, लांब सुस्कारा होता. नळी दुसऱ्याकडे नेली, तिथेही तोच. तसाच म्हणत नाही, तोच. दोन वेगळी धातूची भांडी आणि आत येणारा श्वास एक. तीन वर्षं मी आकडे वाचत होतो, ऐकलं एकदाही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि आपला स्वतःचा श्वासही त्याच लयीत चालला आहे हे लक्षात आल्यावर मी नळी काढायलाच विसरलो. हे मला समजावून सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

एव्हाना इंजिनाचा आवाज खाली, जाड आणि शांत झाला होता. नीलिमानं बॉनेटवर, मी पुसलं होतं त्याच जागी, तळहात ठेवला. "बाबा गेटपाशी वळले," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा ठेवते."

पण मी तिला शेजारी बसवलं आणि आवाराला फेरी मारली. मेहतासाहेबांनी हात जोडले, बहुधा नकळत. परत आलो तोवर क्रेन गेली होती. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं. भंगारवाल्याला फोन केला, तर नेहमीचा ड्रायव्हर गावी गेला होता आणि बदली कोण आला ते त्याला ठाऊक नव्हतं. दिल्लीत हे रोजचं आहे, असं मी नीलिमाला सांगितलं. ती बरं म्हणाली.

आता गुरुवारी मी आरतीला शेवटपर्यंत उभा असतो. माझी मतं बदललेली नाहीत. पण सगळं क्रमवार लावून झाल्यावरही एक जागा उरते, तिथे हात मागे घेऊन उभं राहायचं असतं, आणि येणारा आपल्याला न्यायलाच आला आहे असं दिसलं तरी त्याला वाट द्यायची असते, एवढं मला मान्य आहे. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

दसऱ्याला पूजा करताना दिसलं, फळीवर अर्ध्या इंचाच्या पान्याची नुसती बाह्यरेषा उरली होती. नीलिमानं त्या रिकाम्या खिळ्याला झेंडूचं फूल अडकवलं. मी दुसरा पाना मागवला. आला तो मिलिमीटरचा आहे.