दूध-अंड्यासाठी टीबी

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घही तिथंच राहिलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी चुकून कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचे हे परभणीला जेलात शिपाई होते. आम्ही जेलामागच्या शिपायांच्या लाइनीत राहायचो. नामांतराच्या मोर्च्यांत धरलेली माणसं आत येत होती, बराकी दाटून गेल्या होत्या. त्यातच एका म्हाताऱ्या कैद्याला खोकताना रक्त पडलं. ह्यांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तिथं सुई देऊन त्याला परत बराकीत धाडलं. हे घरी आले ते सदरा अंगणातच काढून. आमच्या लेकीचा नुकताच सव्वा महिना झाला होता.

"टीबी असला तर?" हे उंबऱ्याबाहेरच बसले. "कळंपर्यंत मी पोरीला हात लावनार न्हाई."

सगळे शिपाई जेलरसाहेबांकडे गेले. हुकूम निघाला, त्या बराकीतल्या प्रत्येकाची थुंकी तपासायची, कुणालाही नाही म्हणता येणार नाही. संध्याकाळी डब्या वाटल्या, सकाळी भरलेल्या गोळा केल्या.

निकाल आला आणि लाइनीत रडारड झाली. अख्ख्या बराकीला टीबी!

ह्यांचा छातीचा फोटो काढायला पैसे नव्हते. मी शेजारच्या जमादारीणबाईंच्या दारात जाऊन पदर पिळत उभी राहिले. त्याच म्हणाल्या,

"अगं, पदर किती पिळतीस? फाटंल की. किती पायजेत ते बोल."

खासगी डॉक्टरांनी काढलेला फोटो साफ आला. पण ते म्हणाले, रोज इतक्या आजारी माणसांत वावरता, पुन्हा बघावं लागेल. झालं, हे पुन्हा उंबऱ्याबाहेर. लेक आत रडायची, हे बाहेरून टाळ्या वाजवून तिला गप्प करायचे.

साहेबांना मात्र वेगळीच शंका आली. इतका वाईट निकाल आणि कैदी खुशीत! एकानं तर विचारलं, "साहेब, दूध कवापासून मिळंल?"

टीबीवाल्याला जेलात रोज दूध आणि अंडी मिळायची. म्हाताऱ्यानं आपल्याच थुंकीतली थोडी थोडी सगळ्यांच्या डब्यांत वाटली होती. साहेब ओरडले तेव्हा तो म्हणाला, "माज्याकडं लय हाय साहेब. मागनाऱ्याला न्हाई कसं म्हनू?"

साहेबांना पुढं रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर उभं करून थुंकायला लावलं, आणि शिपायांनाही त्याच रांगेत घेतलं. ह्यांना खोकला येईना, तर कैदी चिडवायला लागले, "शिपाईदादा, जोर लावा की! का आमची देऊ?"

या खेपेला म्हातारा सोडून सगळे साफ निघाले, शिपाईसुद्धा. म्हाताऱ्याला वेगळी खोली, औषध आणि त्याचं हक्काचं दूध-अंडं सुरू झालं.

हे धावतच घरी आले आणि लेकीला उचललं. तिनं ह्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि धुतलेल्या सदऱ्यावर मुतली. हे इतके हसले की लाइनीतल्या बाया दारात आल्या.

मी लोकांच्या गोधड्या शिवून उसने पैसे थोडे थोडे फेडले. शेवटचे द्यायला हेच गेले, लेकीला कडेवर घेऊन; मागोमाग मी. जमादारीणबाईंनी नोटा मोजून कमरेला खोवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फिटले गं बाई सगळे."