छाती कुणी उघडायची

नाशकात तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होत नव्हतं. छाती उघडायची म्हणजे मुंबई गाठायची. अशात एक तरुण सर्जन इथं आला आणि म्हणाला, मी इथंच करतो. लोक हसले. इथले मोठे डॉक्टर पेशंटला सांगायचे, त्याच्याकडं मरायला जाऊ नका. आम्ही सायखेड्याची माणसं, मुंबईत कुणी ओळखीचं नाय, म्हणून त्याच्याकडं गेलो. त्यानं माझ्या बायकोचा खराब व्हॉल्व्ह काढून धातूचा बसवला. नाशकात त्याच्या हातचा तो पहिला. ती चालत घरी आली, तेव्हा कुठं लोक त्याच्याकडं यायला लागले. पुढं तो लय मोठा झाला. आम्ही साहेब म्हणायला लागलो.

रक्त पातळ ठेवायची गोळी मरेपर्यंत चुकवायची नाय, असं त्यांनी तिला बजावलं होतं. तिनं चुकवलीही नाय. पण गेल्या नवरात्रात तिनं कडक उपास धरला. गोळी पोटात गेली की उपास मोडतो म्हणून गोळी बंद. मला बोलली नाय. दसऱ्याला तिला ओटा चढवेना. दवाखान्यात नेलं, तर व्हॉल्व्हवर रक्त गोठलं होतं.

छाती परत उघडायची होती, तीही लगेच. पण साहेबांनी ऑपरेशनं सोडली होती. आता त्यांच्या हाताखाली शिकलेला डॉक्टर करायचा. बायको म्हणाली, "ह्याला मी हात लावू देणार नाय. ज्यांनी पहिल्यांदा उघडली त्यांनाच बोलवा."

साहेब घरून आले. खाटेवर टेकले.

"काय ताई, देवीनं गोळी सोडायला सांगितली होती का?"

"देवीचं तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही चाकू धरा."

साहेबांनी हात पुढं केला. बोटं थरथरत होती. तिनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. थरथर थांबेना.

"एवढा कापतो?"

"कपातला चहा सांडतो."

तिनं हात सोडला. "मग ऱ्हाऊ द्या. करू दे त्याला. तुम्ही आत उभं तरी ऱ्हा."

ते आत उभे राहिले. ती टेबलावरच गेली.

साहेब बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. मी विचारलं, "तुमचा हात चालत असता तर वाचली असती का?"

"नसती, दादा. त्यानं केलं तेच मी केलं असतं."

मला ते पटलं नाय. अजून पटत नाय. पण म्हातारा माणूस, तोंड पार उतरलेलं. बॉडी कधी मिळंल, एवढंच मी विचारलं.